कपाळांचे फोटो

माझा धर्मकाटा पांढुर्णा-सौसर रस्त्यावर आहे. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन निघतं. रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन निघतं. दोन्हींतला फरक तो माल. संत्रा असो, कापूस असो की भंगार, माझं काम एवढंच. वीस वर्षं हेच करत आल्यामुळे एक सवय जडली आहे. कोणी काही सांगितलं की त्यात गाडी किती आणि माल किती, हे मी मनातल्या मनात वजा करून पाहतो. घरच्यांना ही सवय आवडत नाही. बायको म्हणते, माणसाशी बोलून राहिले की टेम्पोशी?

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब मला कधी जमला नाही.

बहीण सावरगावला दिली आहे. सावरगाव जाम नदीच्या पलीकडे, म्हणजे आमच्या गच्चीवर उभं राहिलं तर तिच्या घराचे पत्रे दिसतात. जवाई दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यांत रखवालीचं काम करायचे. व्यापारी झाडावरचा माल घेतो, तो तोडून होईपर्यंत कोणीतरी बगीच्यात राहावं लागतं. खाट, कंदील, एक कुत्रा, आणि एकटा माणूस. जवाई बोलायला कमी. त्यांना ते काम मानवायचं.

एका आंबिया हंगामात, संत्र्याची तोड चालू असताना, दिवेलागणीनंतर सौसरकडून येणारी एका व्यापाऱ्याची पिकअप तिघांनी अडवली. ड्रायव्हरला खाली उतरवून मारलं, रकमेची पिशवी घेतली आणि सोबतच्या मुनिमाला गाडीसकट घेऊन गेले. सकाळी तो महाराष्ट्राच्या हद्दीजवळ एका नाल्यात सापडला. हात बांधलेले होते, एक दात पडला होता. पोलिसांनी दोघांना धरलं. त्यातले एक आमचे जवाई. तिसरा सापडला नाही. पिशवीही सापडली नाही.

त्या संध्याकाळी आपण बगीच्यात होतो, एवढंच जवाई सांगत राहिले. ते खरं की खोटं, हे सांगायला कुत्र्याशिवाय कोणी नव्हतं.

मुनीम लोधीखेड्याचा. त्याने पोलिसांना सांगितलं की तिघांच्या तोंडाला दुपट्टे होते, पण ज्याने त्याचे हात बांधले त्याच्या डाव्या भुवईच्या वर आडवी जुनी खूण होती. टॉर्चच्या उजेडात ती त्याने नीट पाहिली होती. मग जेलात ओळख परेड झाली. नायब तहसीलदारांनी जवायांना इतर कैद्यांच्या रांगेत उभं केलं. मुनीम सरळ त्यांच्यापुढे येऊन थांबला. कोर्टात तेच सांगितलं. लुटीसाठी सात वर्षं, अपहरणासाठी पाच, दोन्ही शिक्षा सोबत भोगायच्या. दुसऱ्या आरोपीने शिक्षा मुकाट्याने घेतली, त्याच्या घरचं कोणी जबलपूरच्या हायकोर्टापर्यंत गेलं नाही. आम्ही अपील केलं. वर्षभरानंतर शिक्षेला स्थगिती मिळाली आणि जवाई जामिनावर घरी आले. जामीनदार मी.

आता त्या खुणेबद्दल सांगतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. बाहेरचा माणूस हे ऐकून तोंडाकडे पाहत राहतो. मीही समजावून सांगणं केव्हाच सोडलं. लहानपणापासून पाहत आलो, तरुणपणी खेळलो, एकदा टाके पडले आणि बायकोने शपथ घातल्यावर थांबलो. टाके कपाळावर पडले होते. इथे कपाळ फुटलेला माणूस सापडणं म्हणजे चहा पिणारा माणूस सापडणं. जवायांचं कपाळ त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या गोटमारीत फुटलं. दगड अर्थातच आमच्या काठावरून गेलेला. घरी आले की ते भुवईवर बोट ठेवून म्हणायचे, "हा सासरचा आहेर." ते कमी बोलतात, पण हा विनोद त्यांनी दरवर्षी केला आणि आम्ही दरवर्षी हसलो. दगड कोणाच्या हातून सुटला हे कोणी विचारलं नाही. गोटमारीत ते कोणी पाहत नाही.

अपील सुनावणीला लागेल असं कळलं तेव्हा मी आणि जवाई छिंदवाड्यावरून जबलपूरला गेलो. वकील माझ्याच वयाचे असतील. खालच्या कोर्टाची सगळी कागदपत्रं त्यांनी वाचून ठेवली होती. त्यांनी आधी जवायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हिंदीत विचारलं, तुम्ही दोघं भाऊ आहात का? मी म्हणालो, नाही, मी यांचा साळा. मग हे दोघांच्या कपाळावर सारखं काय आहे, त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी परेडचे कागद काढले. मग एकेक विचारत गेले. परेडमध्ये सोबत उभे केलेले कैदी कुठले होते? सौसर, मोहगाव, लोधीखेडा. तिकडचे लोक गोटमार खेळतात? नाही. म्हणजे त्या रांगेत कपाळावर खूण असलेला एकच माणूस होता? हो. ती खूण झाकायला सगळ्यांच्या कपाळावर कागदाची पट्टी चिकटवली होती? नाही. हे खालच्या कोर्टात कोणी विचारलं?

कोणी नाही. आमचा खालचा वकील पांढुर्ण्याचा. त्याच्या स्वतःच्या भुवईत टाक्यांची खूण आहे, तिथे केस उगवत नाहीत. ती खूण म्हणजे ओळख होऊ शकते, हेच त्याच्या डोक्यात आलं नसावं. माझ्याही आलं नाही, जवायांच्याही नाही. न्यायाधीश बाहेरचे, मुनीम लोधीखेड्याचा. ज्यांना ती खूण वेगळी वाटली ते बोलले, आणि ज्यांना ती रोजची होती ते गप्प बसले.

वकिलांनी फाईलवर हात ठेवला. अपिलात नवा साक्षीदार येत नाही, म्हणाले. जे या कागदांत आहे तेवढ्यावरच निकाल. मला हे लगेच समजलं. गाडीत माल कितीही असो, चिठ्ठीवर वजन आलं नाही तर माझ्याकडेही तो माल नसतोच.

एक वाट होती. जास्तीचा पुरावा घ्यावा असा अर्ज करता येतो. क्वचित मंजूर होतो, त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण पांढुर्णा-सावरगावच्या लोकांच्या कपाळांचे फोटो आणि त्यांची शपथपत्रं जोडली, तर ही खूण इथे किती साधारण आहे ते दिसेल. पंधरा-वीस झाले तरी चालतील, म्हणाले.

मला वाटलं, पंधरा-वीस? एका दिवसात आणतो. काट्यावर दिवसभर हीच माणसं येतात.

पहिला फोटो मी स्वतःचा दिला. मुलीला मोबाईलवर काढायला सांगितला. केस मागे घेतले, उजेडाकडे तोंड केलं, आणि ती म्हणाली, बाबा, हसू नका, खूण दुमडते.

दुसऱ्या दिवशी काट्यावर मी कामाला लागलो. पहिला माणूस हमालांचा म्हातारा मुकादम. कपाळावर दोन खुणा, त्यातली एक तो कोणालाही हात लावून पाहू देतो. मी फोटो कशासाठी हवा ते सांगितलं. खोटं सांगणं मला जमत नाही, आणि शपथपत्राचं काम होतं, सांगणं भागच होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, भुवयांपर्यंत खाली ओढला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचा जवाई सुटन, अन मी अडकन."

मी म्हणालो, कसा अडकशील?

"तिसरा सापडला का?"

तिसरा सापडला नव्हता. फाईलमध्ये तो अजून अज्ञात म्हणून जागा धरून होता.

त्यानंतर जो तो हेच म्हणू लागला. थेट नाही. कोणाला शेतात जायचं होतं, कोणाचं आधार कार्ड घरी होतं, कोणाची बायको नको म्हणत होती. एकाने मला विचारलं, फोटो मेल्यावर तरी वापस भेटन का? बाकीचे हसले, पण फोटो कोणी काढू दिला नाही. आठवडाभरात काट्यावर येणाऱ्या माणसांचे दुपट्टे खाली आले. उन्हाळा नव्हता, थंडीही नव्हती. भरउजेडात टेम्पोवाले कपाळ झाकून वजनाची चिठ्ठी घ्यायला खिडकीशी यायचे. ज्या खुणेवर बोट ठेवून ही माणसं वर्षभर गोटमारीच्या गोष्टी सांगायची, ती त्यांनी माझ्यापासून लपवायला सुरुवात केली. कोणी भांडलं नाही. कोणी वाईट बोललं नाही. फक्त खिडकीत उभं राहून गप्पा मारणं बंद झालं.

शेवटी तीन फोटो जमले. माझा, माझ्या चुलतभावाचा, आणि एका शेजाऱ्याचा, जो अर्धांगाने घरी पडून होता आणि म्हणाला, मले आता कोण नेते. तीन शपथपत्रं घेऊन मी जबलपूरला गेलो. वकिलांनी ती उलटून पाहिली आणि विचारलं, एवढंच? मी हो म्हणालो. त्यांनी अर्ज दाखल केला. कोर्टाने सरकारकडून उत्तर मागवलं. सरकारी वकिलांनी अर्जाची प्रत, फोटोंसकट, आमच्या ठाण्याला पाठवली. हा कामाचा रिवाज आहे, असं मला नंतर कळलं.

त्या वर्षीची गोटमार आली तेव्हा जवाई घराबाहेर पडले नाहीत. मी बायकोसोबत बहिणीकडे जाऊन बसलो. बाहेरून आरोळ्या ऐकू येत होत्या, ढोल वाजत होते, मधूनच एखादा दगड कुठल्यातरी पत्र्यावर येऊन पडायचा. बहिणीने पोळ्याच्या उरलेल्या पुरणाचं काही केलं होतं. कोणी नीट खाल्लं नाही. जवाई भिंतीकडे तोंड करून बसले होते. बहिणीने मला आतल्या खोलीत बोलावलं.

"दादा, मी आता त्यायच्या कपाळाकडं पाहातच नाही," ती म्हणाली. "जेवाले वाढते तं ताटाकडं पाहते."

मी विचारलं, काहून?

"मुनिमानं जे पाह्यलं, थेच मले दिसते."

तिला तिच्या नवऱ्यावर शंका आहे का, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर जवायांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे. त्या वर्षी सासरच्या आहेराचा विनोद झाला नाही.

मुनीम काट्यावर आला तो त्यानंतर. त्याला मी कोर्टात पाहिलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं. व्यापाऱ्याचा नेहमीचा काटा सौसरला. त्या दिवशी तिकडची मशीन बिघडली म्हणून त्याची गाडी माझ्याकडे आली. साठीच्या जवळचा माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. ड्रायव्हर गाडी काट्यावर चढवत होता आणि मुनीम खिडकीशी उभा राहून माझ्याकडे एकटक पाहत होता.

"तुमच्याबी कपाळावर हाय," तो म्हणाला.

मी म्हणालो, पांढुर्ण्यात बहुतेकांच्या आहे.

मी कोण, हे त्याला माहीत होतं का? मला वाटतं होतं. मी सांगायला हवं होतं की मी आरोपीचा साळा, तुमच्याशी बोलणं बरोबर नाही. मी तोंड उघडलंही, पण तो आधी बोलला. आवाज चढला नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"मले झोप येत नाही. डोळे मिटले का कपाळं दिसतेत."

कपाळं, मी म्हणालो. एक की जास्त?

"तिघायच्याबी कपाळावर होतं," तो म्हणाला. "कोर्टात मले एकाचंच विचारलं. मी एकाचंच सांगतलं."

गाडी काट्यावर स्थिर झाली होती. मी आकडा पाहायला हवा होता. मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. तिघांच्या कपाळावर खूण होती, तर खुणेवरून एकाची ओळख कशी पटते? माझा जवाई सुटावा एवढं त्या एका वाक्यात होतं. आणि ते वाक्य माझ्या खिडकीत, एका गाडीच्या वजनासोबत, निघून चाललं होतं. मी त्याला एवढंच विचारलं की तुम्ही ओळखलं तो माणूस तोच होता, याची खात्री आहे का?

"रांगेत त्याचंच होतं," तो म्हणाला. मग माझ्या कपाळाकडे पुन्हा पाहिलं, तिथे अंतर मोजल्यासारखं. "तवा तुमी कुठं होते?"

त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. विनोद असावा. ड्रायव्हर हसला. मी चिठ्ठी काढून दिली, आणि ती गाडी रिकामी होऊन परत आली तेव्हा मुनीम तिच्यात नव्हता.

मी लगेच जबलपूरला फोन लावला. वकिलांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा आवाज कडक झाला. त्या माणसाजवळ पुन्हा जायचं नाही, म्हणाले. तो काय बोलला हे कोणाला सांगायचं नाही. जामीनदार साक्षीदाराला गाठतो, हे सरकारी वकिलाच्या कानावर गेलं तर स्थगिती आजच रद्द होईल, आणि तुमच्यावर वेगळी केस. मी म्हणालो, मी गाठलं नाही, तो माझ्या काट्यावर आला. ते म्हणाले, हे कोण सांगेल?

ड्रायव्हर सांगेल, असं मी म्हणणार होतो. मग आठवलं की ड्रायव्हर व्यापाऱ्याचा आहे.

अर्ज फेटाळला गेला. तीन फोटोंवरून एखाद्या गावाबद्दल काही ठरवता येत नाही, असं न्यायमूर्ती म्हणाल्याचं वकिलांनी सांगितलं. मी ते वजा करून पाहिलं. चूक काढता आली नाही. तीन म्हणजे तीनच. त्याच सुनावणीत अपिलाचाही युक्तिवाद झाला आणि काही आठवड्यांनी निकाल आला. अपहरणातून जवाई सुटले, कारण हात रस्त्यावरच बांधले होते, आणि पुढे गाडीत बसवून नेणाऱ्यांत ते होते असं मुनिमाने कुठेच म्हटलं नव्हतं. लूट कायम. सात वर्षं कायम. निकाल इंग्रजीत. वकिलांनी फोनवर त्यातली एक ओळ हिंदीत करून सांगितली, की साक्षीदाराने आरोपीला त्याच्या कपाळावरच्या विशेष खुणेवरून ओळखलं आहे. विशेष. मी त्यांना तो शब्द पुन्हा वाचायला लावला.

दिल्लीला जाता येईल, ते म्हणाले. पण तिथे तरी हेच कागद जातील. आधी हजर व्हावं लागेल.

हजर व्हायच्या दिवशी मी जवायांना मोटरसायकलवर मागे बसवून पुलावरून आणलं. पुलाच्या मध्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवून थांबायला सांगितलं. खाली पात्रात पाणी कमी होतं, गोटे उघडे पडले होते.

"दादा, तुमी मले कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, नाही विचारलं.

"मी नव्हतो."

मी मान हलवली. त्यात माल किती आणि गाडी किती हे मी त्या दिवशी तोलून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला तोलायचं नव्हतं. ते पुढे काही बोलतील म्हणून मी थांबलो, पण त्यांनी खांद्यावरचा हात काढला आणि मी गाडी सुरू केली. कोर्टात पोलिसाने नाव, बापाचं नाव, वय लिहून घेतलं. ओळखीची खूण म्हणून काय लिहू, हे त्याने विचारलंच नाही. वर पाहिलं आणि लिहिलं. बहीण कोर्टाच्या दाराशी उभी होती. त्या दिवशी मात्र तिने नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिलं. वाकून नीट पाहिलं.

हे होऊन फार दिवस झाले नव्हते. काट्यावर गर्दी नव्हती. ठाण्यातला एक हवालदार मोटरसायकल उभी करून खिडकीशी आला. ओळखीचा माणूस, चहा पाजला तर नाही म्हणत नाही. त्याने घडी घातलेला कागद काढला आणि खिडकीच्या कट्ट्यावर पसरला. माझ्या फोटोची झेरॉक्स होती. झेरॉक्सची झेरॉक्स असावी. डोळे, नाक, तोंड सगळं काळं होऊन गेलं होतं. डाव्या भुवईच्या वरची आडवी रेघ तेवढी पांढरी उठली होती.

"हे तुमीच ना, भाऊ?"

मी हो म्हणालो. शपथेवर दिला होता, नाही कसा म्हणणार?

नव्या साहेबांनी तिसऱ्याची फाईल काढली आहे, त्याने सांगितलं. मुनिमाचं पुन्हा बयान घेतलं. काही खास नाही, फक्त विचारपूस. त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होते एवढं सांगा, मी लिहून नेतो.

मला ती संध्याकाळ पक्की आठवते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच लुटीची बातमी कळली होती. दुपारपासून लाइट गेली होती, काटा बंद होता, गाड्या परत जात होत्या. नोकराला मी लवकर घरी पाठवलं. लाइट येईल म्हणून अंधार पडल्यावरही बराच वेळ याच खोलीत बसून राहिलो. वजन एकही झालं नाही, चिठ्ठी एकही निघाली नाही.

"इथंच होतो," मी म्हणालो. "एकटा."

हवालदाराने ते लिहिलं. लिहिताना त्याने दुपट्टा कपाळावर जरा खाली ओढला. तोही पांढुर्ण्याचाच आहे.